चुकण्याचा अधिकार : सिडनी पॉटिए यांच्या अभिनयाचे एक वाचन

१

अभिनेत्याच्या कार्याचे मूल्यमापन करताना समीक्षेपुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. कविता किंवा कादंबरी यांच्या कर्तृत्वाचा प्रश्न कितीही गुंतागुंतीचा मानला, तरी तेथे मजकुराची जबाबदारी घेणारे एक नाव असते. चित्रपटातील पात्र मात्र पटकथाकार, दिग्दर्शक, निर्माता, छायालेखक, संकलक आणि अभिनेता यांच्या परस्परसंबंधांतून, पुष्कळदा त्यांच्यातील तणावांतूनच, आकाराला येते. अशा पात्राच्या श्रेयाचा आणि दोषाचा कोणता भाग अभिनेत्याच्या नावावर मांडायचा, याचे उत्तर सहज देता येत नाही. तो अभिनेता एखाद्या दडपलेल्या समाजाचा पडद्यावरील जवळजवळ एकमेव प्रतिनिधी मानला जात असेल, तर ही अडचण अधिकच तीव्र होते. मग त्याच्या भूमिकेचे वाचन कलाकृतीचा एक घटक म्हणून होत नाही. एका संपूर्ण समाजाचे निवेदन म्हणून होऊ लागते.

सिडनी पॉटिए (१९२७–२०२२) यांच्याविषयीचा विचार बहुधा याच अडचणीपाशी अडून राहिला आहे. प्रमुख भूमिकेसाठीचे ऑस्कर पारितोषिक मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अभिनेते, ही त्यांची कोशातील ओळख. या ओळखीभोवती दोन प्रकारची भाषा विकसित झाली. एक गौरवाची : पॉटिए यांनी हॉलिवूडच्या पडद्यावर कृष्णवर्णीय माणसाला प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरी आक्षेपाची : त्यांनी गोऱ्या प्रेक्षकाला सोयीचा, निर्दोष, निर्विकार आणि म्हणूनच निर्जीव असा कृष्णवर्णीय पुरुष उभा केला. या दोन भूमिका परस्परविरोधी भासत असल्या, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दोन्हींच्या लेखी पॉटिए ही एक 'प्रतिमा' आहे. पहिली भूमिका तिला चांगली ठरवते, दुसरी खोटी. अभिनय ही घडणारी कृती आहे, आणि ती पटकथेने आखून दिलेल्या पात्राशी सहमत होऊ शकते तशीच असहमतही होऊ शकते, ही जाणीव मात्र दोन्हींतून निसटते.

पॉटिए यांच्या पात्रांना पडद्यावर प्रवेश मिळाला तो एका अटीवर. ती अट निर्दोषत्वाची होती. त्यांच्या कारकिर्दीतील खरा संघर्ष प्रतिष्ठा मिळवण्यासाठी नव्हता. तो चुकण्याचा अधिकार मिळवण्यासाठी होता, अशी मांडणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

२

निर्दोषत्वाची ही अट कोठून आली, हे समजून घेण्यासाठी तिच्या आधीची परंपरा लक्षात घ्यावी लागते. १९३०च्या दशकातील हॉलिवूडमध्ये लिंकन पेरी हे नट 'स्टेपिन फेचिट' या नावाने आळशी, भित्र्या, अडखळत बोलणाऱ्या कृष्णवर्णीयाच्या भूमिका करत. हॅटी मॅकडॅनियल यांना 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधील दासीच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. परंतु १९४० सालच्या त्या समारंभात त्यांना आपल्या सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलापाशी बसावे लागले. या भूमिकांमध्ये कृष्णवर्णीय पात्रांना दोष भरपूर असत. मात्र ते दोष त्या त्या पात्राचे नसत. ते वंशाचे लक्षण म्हणून रंगवलेले असत.

येथे 'दोष' आणि 'चूक' या दोन संकल्पनांत भेद करणे उपयुक्त ठरेल. दोष स्वभावात असतो, आणि साचेबंद चित्रणात तो समूहाच्या स्वभावात असतो. चूक ही कृती असते. ती करणारा माणूस दुसरे काही करू शकला असता, हे चूक या कल्पनेतच गृहीत असते. चुकणाऱ्या पात्राला निवड असते, पश्चात्ताप असतो, बदलण्याची शक्यता असते. थोडक्यात, त्याला कथानक असते. स्टेपिन फेचिटचे पात्र कधीच चुकत नाही, कारण त्याला निवडच नाही. ते केवळ आपल्या साच्याप्रमाणे वागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उदारमतवादी निर्माते आणि दिग्दर्शक यांनी हा साचा मोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी त्याच्या सर्व खुणा उलट केल्या. आळशाच्या जागी कार्यक्षम, भित्र्याच्या जागी धीरोदात्त, अडखळत्या वाणीच्या जागी स्वच्छ उच्चार आले. परंतु उलटा केलेला साचा हाही साचाच असतो. पूर्वी जसा वंश दोषाने ओळखला जात होता, तसा आता त्या वंशाचा प्रतिनिधी निर्दोषत्वाने ओळखला जाऊ लागला. चूक करण्याची मुभा दोन्हीकडे नव्हती. यामागे व्यावसायिक भयही होते. कृष्णवर्णीय आणि गोरे यांच्यातील शरीरसंबंध दाखवण्यास चित्रपट-उद्योगाच्या आचारसंहितेने १९५६ पर्यंत मनाई केलेली होती, आणि दक्षिणेकडील राज्यांतील चित्रपटगृहे आपला चित्रपट नाकारतील ही धास्ती निर्मात्यांना सतत असे. निर्दोष नायक हा या भयावरचा उताराही होता.

३

पॉटिए यांची जडणघडण या अटीशी चमत्कारिक रीतीने जुळत गेली आणि तिला छेद देणारी सामग्रीही तिनेच पुरवली. त्यांचे आईवडील बहामा बेटांपैकी कॅट आयलंडवर टोमॅटोची शेती करत. माल विकण्यासाठी ते मायामीला गेले असता २० फेब्रुवारी १९२७ रोजी पॉटिए यांचा अपुऱ्या दिवसांचा जन्म झाला. बालपण गेले ते बहुसंख्य लोक कृष्णवर्णीयच असलेल्या बेटावर. वर्णावरून माणसाची पायरी ठरते, हा अनुभव त्यांना पंधराव्या वर्षी मायामीत परतल्यावर पूर्ण अर्थाने आला. अमेरिकेतील वर्णव्यवस्था त्यांनी जन्मापासून अंगवळणी पडलेली रीत म्हणून स्वीकारली नाही. बाहेरून आलेल्या माणसाने परकी भाषा शिकावी तशी ती त्यांना शिकावी लागली.

आणि भाषाही शिकावी लागली. न्यूयॉर्कमध्ये भांडी घासण्याचे काम करत असताना ते हार्लेममधील अमेरिकन निग्रो थिएटरमध्ये निवडचाचणीसाठी गेले. वाचन अडखळते आणि उच्चार बेटावरचे, त्यामुळे त्यांना नाकारले गेले. पुढे त्यांनी रेडिओवरील निवेदकांचे ऐकून उच्चार घडवले, आणि ज्या उपाहारगृहात ते काम करत तेथील एका वयस्कर ज्यू वाढप्याकडून वर्तमानपत्र वाचायला शिकले. त्याच नाट्यसंस्थेत झाडलोट करण्याच्या मोबदल्यात त्यांनी अभिनयाचे शिक्षण घेतले.

त्यांच्या पुढील अभिनयातील वाणी या घटनेच्या प्रकाशात ऐकली पाहिजे. ती ना दक्षिणेची आहे, ना हार्लेमची. प्रत्येक शब्द तोलून, त्याच्या कडा शाबूत ठेवून उच्चारला जातो. गोऱ्या प्रेक्षकाला ती वाणी 'सुसंस्कृत' वाटली आणि टीकाकारांना 'गोऱ्यांसारखी'. परंतु ती कोणाचीच वारसाहक्काने आलेली वाणी नाही. ती कमावलेली आहे आणि कमावल्याची खूण तिच्यात टिकून आहे. पॉटिए यांचे पात्र बोलते तेव्हा सहजतेऐवजी सावधपणा ऐकू येतो. एक शब्द जरी घसरला तरी सारे हातचे जाईल, याची जाणीव असलेल्या माणसाचा सावधपणा. निर्दोषत्वाची अट पाळणारी ही वाणी त्या अटीचा ताणही ऐकवत राहते.

४

'नो वे आउट' (१९५०, दिग्दर्शक जोसेफ मँकिविझ) या पहिल्याच महत्त्वाच्या चित्रपटात अटीचे स्वरूप स्पष्ट झाले होते. लूथर ब्रूक्स हा तरुण डॉक्टर एका जखमी गुन्हेगारावर उपचार करत असताना रुग्ण दगावतो. रुग्णाचा वंशद्वेष्टा भाऊ रे बिडल त्याच्यावर खुनाचा आरोप करतो. संपूर्ण कथानक एकाच प्रश्नाभोवती फिरते : डॉक्टरची चूक झाली होती का? शवविच्छेदनातून त्याचे निदान बरोबर ठरते आणि मगच चित्रपटाला त्याच्या बाजूने उभे राहता येते. निदान चुकले असते तर? गोऱ्या डॉक्टरच्या बाबतीत ती वैद्यकीय चूक ठरली असती. लूथरच्या बाबतीत तिने बिडलचा द्वेष खरा ठरवला असता. या शक्यतेला चित्रपट तोंड देत नाही. अखेरीस गोळी लागलेला लूथर त्याच बिडलचा जीव वाचवतो. मात्र शेवटच्या क्षणी, रडणाऱ्या बिडलला तो जगणार असल्याचे सांगताना, प्रौढ कृष्णवर्णीयाला 'पोरा' म्हणून हाकारण्याची गोऱ्यांची रीत लूथर त्याच्यावरच उलटवतो. त्या उच्चारात करुणा आणि तिरस्कार इतके एकजीव आहेत की पटकथेतील क्षमाशीलता तेवढ्यापुरती हलून जाते.

पुढील दशकात ही अट अधिक घट्ट झाली. 'एज ऑफ द सिटी' (१९५७) मधील गोदी कामगार टॉमी टायलर गोऱ्या मित्राचे रक्षण करताना मरतो. 'द डिफायंट वन्स' (१९५८, दिग्दर्शक स्टॅनली क्रेमर) मध्ये एकाच साखळीने बांधलेले दोन फरारी कैदी आहेत. साखळी तुटल्यानंतर धावत्या गाडीत चढलेला नोआ कलन गोऱ्या सोबत्याला वर ओढू शकत नाही, तेव्हा तो स्वतःच्या सुटकेवर पाणी सोडून खाली पडतो. या भूमिकेने पॉटिए यांना ऑस्करचे पहिले नामांकन मिळवून दिले. जेम्स बाल्डविन यांनी नंतर नोंदवले आहे की, या प्रसंगाने गोरा उदारमतवादी प्रेक्षक सुखावला, तर हार्लेममधील प्रेक्षक कलनला परत गाडीत चढ म्हणून ओरडून सांगत होता. एकाच दृश्याची ही दोन वाचने ग्रहणसिद्धान्ताच्या अभ्यासकाला महत्त्वाची वाटतील. परंतु येथे मुद्दा थोडा निराळा आहे. हार्लेमचा प्रेक्षक कलनकडून जे मागत होता, तो स्वार्थ होता. आपल्यापुरते पाहण्याची, दुसऱ्याला मागे टाकून जाण्याची, म्हणजेच नैतिक दृष्ट्या चुकण्याची मुभा तो मागत होता.

'लिलीज ऑफ द फील्ड' (१९६३) मधील होमर स्मिथ जर्मन भाषक जोगिणींसाठी वाळवंटात प्रार्थनामंदिर बांधून देतो आणि मोबदला न घेता निघून जातो. एप्रिल १९६४ मध्ये पॉटिए यांना ऑस्कर मिळाले ते या भूमिकेसाठी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते हॅरी बेलाफाँटे यांच्याबरोबर मिसिसिपीतील ग्रीनवुडला गेले. मतदार-नोंदणीचे काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी त्यांनी रोख रक्कम नेली होती आणि वाटेत वंशद्वेष्ट्यांच्या मोटारींनी त्यांचा पाठलाग केला. पडद्यावरील त्यागमूर्ती आणि रात्रीच्या रस्त्यावर जीव मुठीत धरून जाणारा नट यांच्यातील हे अंतर केवळ चरित्रात्मक नोंद म्हणून सोडून देता येत नाही. पडद्यावर ज्याला जागा नव्हती त्या भीतीची आणि रागाची सामग्री अभिनेत्यापाशी होती, एवढे ते निश्चित सांगते.

५

ही सामग्री ज्या भूमिकेत मोकळी झाली, ती 'अ रेझिन इन द सन' मधील वॉल्टर ली यंगर. लॉरेन हॅन्सबेरी (१९३०–१९६५) यांचे हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर आले. लॉइड रिचर्ड्स यांनी ते दिग्दर्शित केले होते. १९६१ च्या चित्रपटाची पटकथाही हॅन्सबेरी यांनीच लिहिली. पॉटिए यांच्या आधीच्या बहुतेक प्रमुख भूमिका गोऱ्या लेखकांच्या होत्या. ही कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेली होती. हा फरक केवळ लेखिकेच्या वर्णाचा नाही, पात्ररचनेच्या तत्त्वाचा आहे.

वॉल्टर ली हा शिकागोतील मोटारचालक आहे. वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर घरात येतात. त्यांपैकी साडेतीन हजार आई गोऱ्यांच्या वस्तीतील घरासाठी भरते आणि उरलेले वॉल्टरच्या हवाली करते. त्यांत बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणाचाही वाटा आहे. वॉल्टर ते सारे दारूच्या दुकानाच्या व्यवहारात एका लबाड भागीदाराच्या हाती देतो आणि गमावतो. तो पत्नीवर ओरडतो, बहिणीच्या महत्त्वाकांक्षेची टर उडवतो, दारू पितो. या कुटुंबाने वस्तीत येऊ नये म्हणून पैसे देऊ करणाऱ्या लिंडनर या गोऱ्या गृहस्थाचा प्रस्ताव स्वीकारायलाही तो तयार होतो. त्याच्यापुढे आपण कसे लाचार होऊ, याचे घरच्यांसमोर तो गुडघे टेकून जे प्रात्यक्षिक करतो, ते पॉटिए यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी दृश्य म्हणावे लागेल. या दृश्यात स्टेपिन फेचिटचा जुना साचा परत येतो. मात्र तो आता वंशाचे लक्षण म्हणून येत नाही. एका माणसाने, स्वतःचा तिरस्कार करत, समजून उमजून घेतलेला तो मुखवटा आहे. साचा आणि माणूस यांतील फट प्रेक्षकाला प्रथमच इतकी उघडी दिसते.

शेवटी वॉल्टर प्रस्ताव नाकारतो. हा नकार होमर स्मिथच्या त्यागापेक्षा किंवा कलनच्या उडीपेक्षा मोठा का ठरतो? कारण येथे होकाराची शक्यता खरी होती. चुकू शकणाऱ्या आणि चुकलेल्या माणसाचाच योग्य निर्णय नाट्यमय अर्थ धारण करतो. पॉटिए यांना या भूमिकेचे मोल किती वाटत होते, याचा पुरावाही आहे. नाटक आईच्या दृष्टिकोणातून उलगडावे की मुलाच्या, यावर त्यांचा लेखिकेशी तीव्र मतभेद झाल्याचे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. नाटकाचे केंद्र सोशिक आईकडून चुकणाऱ्या मुलाकडे आणण्याचा तो आग्रह होता. त्यात नटाचा अहंकार असेलही. परंतु निर्दोष भूमिकांनी घेरलेल्या नटाची भूकही त्यात दिसते.

६

१९६७ हे वर्ष पॉटिए यांच्या यशाचे शिखर मानले जाते. 'टू सर, विथ लव्ह', 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर' हे तीन चित्रपट त्या एका वर्षात आले, आणि १९६८ साली चित्रपटगृहचालकांच्या पाहणीत ते तिकीटखिडकीवरील पहिल्या क्रमांकाचे नट ठरले. अटीची परिसीमा आणि अटीला पडलेली भेग, दोन्ही याच वर्षात सापडतात.

परिसीमा 'गेस हूज कमिंग टू डिनर' मध्ये आहे. स्टॅनली क्रेमर यांच्या या चित्रपटातील जॉन प्रेंटिस हा जागतिक कीर्तीचा डॉक्टर आहे. प्रेयसीच्या घरून केलेल्या दूरध्वनीचे पैसेही तो टेबलावर ठेवतो. तिच्या आईवडिलांची संमती नसेल तर आपण लग्न करणार नाही, असेही तो त्यांना परस्पर सांगून टाकतो. प्रेमिकांचे चुंबन प्रेक्षकाला दिसते ते टॅक्सीचालकाच्या आरशात. शेवटचे दीर्घ भाषण मुलीच्या गोऱ्या वडिलांचे आहे. प्रेंटिस ते ऐकतो. भाषण संपल्यावर तेच वडील घरातील कृष्णवर्णीय नोकराणीला जेवणाविषयी विचारतात आणि मंडळी टेबलाकडे वळतात. सोळा राज्यांत तोवर टिकून असलेले आंतरवर्णीय विवाहबंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १२ जून १९६७ रोजी रद्द केले होते. चित्रपट डिसेंबरमध्ये आला. कायद्याने जो हक्क विनाअट मान्य केला होता, त्यासाठी चित्रपटातील नायक अजून अटी पुऱ्या करत होता. येथे पॉटिए यांच्या अभिनयानेही फारसा प्रतिकार केलेला नाही, हे मान्य करावे लागेल. एकच दृश्य अपवाद : स्वतःच्या वडिलांशी वाद घालताना प्रेंटिसची तोललेली वाणी फुटते. गोऱ्या कुटुंबासमोर जो आवाज निघत नाही, तो आपल्या माणसासमोर निघतो.

नॉर्मन जुइसन दिग्दर्शित 'इन द हीट ऑफ द नाइट' मध्ये भेग आहे. कथा मिसिसिपीत घडते. ग्रीनवुडचा अनुभव असलेल्या पॉटिए यांनी दक्षिणेत चित्रीकरण करण्यास नकार दिल्याने ते मुख्यतः इलिनॉयमधील स्पार्टा या गावी झाले. फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्स रेल्वे स्थानकावर केवळ वर्णामुळे संशयित म्हणून पकडला जातो आणि नंतर त्याच खुनाचा तपास त्याच्याकडे येतो. कापसाच्या मळ्यांचा मालक एन्डिकॉट आपल्या काचगृहात ऑर्किडच्या निगराणीची तुलना निग्रोंच्या निगराणीशी करतो. टिब्सचे प्रश्न ऐकून तो त्याच्या तोंडात मारतो, आणि टिब्स तत्क्षणी उलट तोंडात मारतो. ही थप्पड मूळ पटकथेत होती की पॉटिए यांच्या आग्रहाने आली, याविषयी परस्परविरोधी निवेदने आहेत. अभ्यासकाने तो वाद निकालात काढण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. थपडेच्या क्रियेत विचाराला वेळच नाही, ही तिच्या अभिनयातील खरी गोष्ट आहे. सावध वाणीच्या या नटाने येथे प्रथमच अवकाश न घेता प्रतिसाद दिला आहे.

थपडेचे कौतुक पुष्कळ झाले. त्यानंतर जे घडते त्याकडे मात्र कमी लक्ष गेले. एन्डिकॉटच खुनी असावा अशी टिब्सची खात्री होते आणि या धनिकाला टेकडीवरून खाली खेचण्याची इच्छा त्याच्या बोलण्यात उघड होते. स्थानिक पोलीसप्रमुख गिलेस्पी चकित होतो : हाही आपल्यासारखाच निघाला. आणि टिब्सचा संशय चुकीचा ठरतो; खुनी दुसराच निघतो. सूडबुद्धीने त्याच्या तर्काचा ताबा घेतला होता. लूथर ब्रूक्सला जी चूक परवडली नसती ती टिब्सला परवडते. चित्रपट त्याला त्यासाठी शिक्षा करत नाही आणि त्याची चूक वंशाच्या खाती जमा होत नाही. तो आपल्या चुकीपासून मागे फिरतो आणि तपास पुरा करतो. पॉटिए यांच्या पडद्यावरील प्रवासातील निर्णायक क्षण थपडेचा आहे की या चुकीचा, असा प्रश्न केला तर उत्तर चुकीच्या बाजूने द्यावे लागेल.

या चित्रपटाचा पारितोषिक-इतिहासही बोलका आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाल्याने पुढे ढकललेला ऑस्कर समारंभ १० एप्रिलला झाला. चित्रपटाला पाच पारितोषिके मिळाली. त्यांत प्रमुख अभिनेत्याचे पारितोषिक गिलेस्पीची भूमिका करणाऱ्या रॉड स्टायगर यांना मिळाले. पॉटिए यांना तिन्हींपैकी एकाही चित्रपटासाठी नामांकनदेखील नव्हते. पूर्वग्रह बाळगणारा, चुकणारा, हळूहळू बदलणारा माणूस हे 'अभिनयाचे' पात्र म्हणून ओळखले गेले. कृष्णवर्णीय नटाची चूक मात्र परीक्षकांच्या दृष्टीस पडलीच नाही, असे म्हणता येईल.

७

सप्टेंबर १९६७ मध्ये नाटककार आणि समीक्षक क्लिफर्ड मेसन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स' मधून गोऱ्या अमेरिकेला पॉटिए इतके प्रिय का, असा प्रश्न उपस्थित केला आणि ते एकच निर्जंतुक, एकपरिमाणी नायक पुन्हा पुन्हा रंगवतात, असा आक्षेप घेतला. पटकथांविषयीचे निदान म्हणून मेसन यांचे म्हणणे बव्हंशी बरोबर होते. त्यांची मर्यादा एवढीच की, पटकथेने लादलेली अट आणि तिच्या आत राहून अभिनेत्याने केलेली हालचाल यांत त्यांनी भेद केला नाही. कृष्णवर्णीय चळवळीचा स्वर त्या वर्षी आमूलाग्र बदलत असताना असा भेद करण्याची निकड त्यांना भासली नसणे समजण्यासारखे आहे.

हा आक्षेप पॉटिए यांना झोंबला, आणि त्यांचे उत्तर त्यांच्या पुढील कामात आहे. 'फॉर लव्ह ऑफ आयव्ही' (१९६८) ची मूळ कथा त्यांचीच. त्यातील त्यांचा नायक रात्री मालमोटारीत बेकायदा जुगारअड्डा चालवतो. 'द लॉस्ट मॅन' (१९६९) मध्ये ते चळवळीसाठी दरोडा घालतात. 'बक अँड द प्रीचर' (१९७२) पासून ते दिग्दर्शनाकडे वळले. 'अपटाउन सॅटर्डे नाइट' (१९७४) मध्ये त्यांनी स्वतःसाठी ठेवलेली भूमिका पाहावी : बायकोला न सांगता चोरट्या क्लबात गेलेला, तेथे लुटला गेलेला, नंतर हरवलेल्या पाकिटात सोडतीचे बक्षीसपात्र तिकीट होते हे कळल्यावर गुंडांच्या मागे धावणारा साधा कामगार. तो घाबरतो, खोटे बोलतो, हास्यास्पद होतो. भोवती असलेले जवळजवळ सारे कृष्णवर्णीयच आहेत, त्यामुळे त्याला कोणाचेही प्रतिनिधित्व करावे लागत नाही. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'स्टर क्रेझी' (१९८०) ने दहा कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. या विनोदी चित्रपटांना कलात्मक उंची बेताचीच आहे आणि गंभीर समीक्षेने त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. परंतु दोन दशके ज्याला हसू येईल असे वागण्याची परवानगी नव्हती, त्या नटाने सत्ता हाती येताच प्रथम ही परवानगी स्वतःला दिली, याची दखल घेतल्यावाचून त्यांच्या वारशाचा विचार पुरा होत नाही.

८

मराठी समीक्षेच्या दृष्टीने या विवेचनाला एक निकटचा संदर्भ आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांच्याशी केलेला पत्रव्यवहार, १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून घेतलेले नाव आणि निग्रो साहित्याचा दलित साहित्याशी तुलनेने झालेला अभ्यास, यांमुळे हा संवाद येथे नवा नाही. अर्थात वंश आणि जात ही एक नव्हेत. अस्पृश्यतेचा वंशसिद्धान्त आंबेडकरांनीच फेटाळला होता. तुलना करावयाची ती समाजरचनांची नाही, चित्रणाच्या अटींची.

'द डिफायंट वन्स' नंतर एका वर्षाने मुंबईत निर्माण झालेल्या बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) या हिंदी चित्रपटातील अस्पृश्य नायिका सोशिक, निःस्वार्थी, निर्दोष आहे, आणि पालक आईला स्वतःचे रक्त दिल्यानंतरच तिला मुलगी म्हणून स्वीकारले जाते. अटीचे हे रूप ओळखीचे आहे. मात्र तेथे एक महत्त्वाचा फरक आहे. सुजाताची भूमिका नूतन यांनी केली. भूमिकेवर लादलेली अट भोगलेला देह पडद्यावर नव्हता, त्यामुळे पॉटिए यांच्या वाणीत जो ताण ऐकू येतो तो तेथे ऐकू येण्याची शक्यताच नव्हती. सहानुभूतीने लिहिलेल्या निर्दोष दलित पात्रांचा काळ मराठीत मागे पडला तो 'बलुतं' (१९७८) सारख्या आत्मकथनांनी. दया पवारांच्या कथनातील नायक आपला भित्रेपणा आणि आपल्या पडझडी झाकत नाही. त्या कथनाने समाजाची बदनामी होते असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्या आक्षेपामागेही निर्दोषत्वाची अटच उभी होती. फरक एवढाच की ती आता आतून घातली जात होती.

यावरून पद्धतीविषयी एक निष्कर्ष काढता येईल. दडपलेल्या समाजाचे चित्रण 'अनुकूल' आहे की 'प्रतिकूल', हा निकष समीक्षेला फार दूर नेत नाही. अनुकूल चित्रणही अट होऊ शकते. त्या पात्राला चुकता येते का, आणि चुकल्यानंतरही कथानक त्याच्यासाठी खुले राहते का, हा निकष अधिक काटेकोर ठरतो. मार्च २००२ मध्ये पॉटिए यांना सन्मान-ऑस्कर दिले गेले. त्याच रात्री डेन्झेल वॉशिंग्टन यांना प्रमुख भूमिकेचे पारितोषिक मिळाले ते 'ट्रेनिंग डे' मधील भ्रष्ट, क्रूर पोलिसाच्या भूमिकेसाठी. पॉटिए यांच्यानंतर त्या पारितोषिकापर्यंत पोहोचलेला दुसरा कृष्णवर्णीय नट खलपात्राच्या वाटेने पोहोचला, याबद्दल काहींनी खेद व्यक्त केला. वॉल्टर लीचे गुडघे टेकणे आणि टिब्सचा चुकलेला तर्क लक्षात ठेवणाऱ्या वाचकाला त्या घटनेकडे निराळ्या नजरेने पाहता येईल. वंशाच्या वतीने निर्दोष राहण्याच्या जबाबदारीतून नट मोकळा होण्याची ती एक पायरी होती. या पायरीपर्यंत येण्याची किंमत किती होती, हे पॉटिए यांच्या तोललेल्या प्रत्येक शब्दात अजूनही ऐकू येते.